स्टेकच्या सॉसला स्वस्त रेड वाईन चालते, ही थाप आहे का?

तापीकाठ
रविवारी भुसावळात ओळखीच्या खाटकाकडे म्हशीचा अंडरकट, म्हणजे कण्याखालचं मऊ मांस, मिळाला. दीड इंच जाड काप केले, मीठ-मिरी लावली, बिडाचा तवा कडक तापवून दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं भाजल्या. मांस झकास झालं. घोळ झाला सॉसमध्ये. त्याच तव्यात कांदा परतला, पाव बाटली रेड वाईन ओतून आटवली, लोणी घातलं. चव आंबट-तुरट, वास शिळ्या मनुकांसारखा आणि रंग चक्क शाईसारखा! बाटली गावातल्याच दुकानातली, सगळ्यात स्वस्त. म्हणून मी म्हणतो, स्वयंपाकाला स्वस्त वाईन चालते ही थाप आहे. कुणाला पटत नसेल तर सांगा.

खापरावरचे मांडे
मला पटत नाही. महाग वाईनचा नाजूक वास आटवताना उडूनच जातो, मागे उरतो आंबटपणा, गोडवा आणि तुरटपणा. तेवढं तर स्वस्तातही मिळतं. उलट महागातली ‘रिझर्व्ह’ घेतलीत तर ओकच्या पिंपात मुरलेली निघते, आणि आटली की कडवटते. द्राक्षाच्या जातीवरून वाईनची नावं असतात, त्यातली साधी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, मर्लो घ्या, नाहीतर लाकूड न लागलेली शिराझ. कॅबर्नेत तुरटपणा जास्त असतो, ती जपून. पोर्ट लिहिलेली बाटली मात्र नको. ती गोड असते, सॉसची गुळवणी होईल.
आणि पाव बाटली कशाला ओतलीत? दोन माणसांना शंभर मिली पुरे. ती एक तृतीयांश होईपर्यंत आटवायची, मग सूप किंवा यखनी (मांस-हाडं उकळलेलं पाणी), आणि लोणी गॅस बंद केल्यावर.

काळ्या मसाल्याचा
भो, इतला खटाटोप कसाले? काळा मसाला शे ना घरमा.

लोखंडी कढई
रंगाचा दोष वाईनला देऊ नका. पूर्वी आपल्याकडे शाई कशी करायचे? हिरडा आणि हिराकस, म्हणजे टॅनिन (रेड वाईनमध्येही असतं ते तुरट द्रव्य) आणि लोखंड. तुम्ही बिडाच्या तव्यात रेड वाईन आटवलीत, म्हणजे तेच केलंत. मांस बिडावरच भाजा, पण सॉस स्टीलच्या तव्यात करा. भाजताना खाली चिकटलेलं खरवडून गरम पाण्याच्या दोन चमच्यांत सोडवून घ्या आणि त्यात घाला. खरी चव तिथंच असते.

नाशिक फाटा
तव्याचं बरोबर आहे, पण शिळ्या मनुकांचा वास तव्यातून येत नाही. ती बाटली दुकानातच शिजली होती. वाईन बारा-पंधरा अंशांत ठेवायची वस्तू, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. पत्र्याच्या गोदामात ती दोन उन्हाळे काढते. बूच तोंडाबाहेर डोकावत असेल किंवा वाईन कडेला तपकिरी दिसत असेल तर घेऊच नका. खानदेशात बाटलीची किंमत नंतर बघा, आधी ती भरल्याची तारीख बघा. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटर, कुणी जाणारं असेल तर तिथल्या वायनरीतूनच मागवा.
२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला मंजुरी दिली होती. तसं झालं असतं तर एसीत राहिलेली बाटली तरी मिळाली असती. विरोध झाला आणि ते राहूनच गेलं.

खापरावरचे मांडे
अहो, तव्यावर शंभर अंशांच्या आसपास उकळायचीच आहे ना ती? मग दुकानातल्या चाळीस अंशांचं एवढं काय?

नाशिक फाटा
ताई, रावेरचं केळं चार दिवस उन्हात टाकून मग तळा, आणि एक ताजं तळा. दोन्ही गरमच झाली. खाऊन सांगा.

वरणबट्टी
घरात लहान मुलं असतील त्यांच्यासाठी सांगते. ‘दारू उडून जाते’ हे अर्धंच खरं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात पदार्थात मिसळून १५ मिनिटं शिजवलं तर ४० टक्के अल्कोहोल उरतं, अडीच तासांनी ५ टक्के. तुमचा सॉस पाच-सात मिनिटांचा. आमच्याकडे मी काळ्या द्राक्षांचा रस आणि थोडं जांभळाचं सिरकं वापरते. वाईनची चव येत नाही, पण सॉस होतो.

सातपुडा पायथा
आमच्याकडे एकानं वाईनऐवजी मोहाची घातली होती. ती ऊर्ध्वपातन केलेली, तिच्यात ना द्राक्षाचा आंबटपणा ना रंग. नुसता भडका उडाला आणि भुवया गेल्या. त्या वाटेला जाऊ नका.

तापीकाठ
करून पाहिलं. मंगळवारी तीच उरलेली वाईन शंभर मिली, स्टीलच्या तव्यात. काळेपणा गेला, म्हणजे लोखंडी कढई जिंकले. मनुकांचा वास मात्र तसाच. मग तितकीच स्वस्त, पण याच वर्षी भरलेली, फिरकीच्या झाकणाची मर्लो आणली. तोच अंडरकट, तोच तवा. या वेळी बायकोनं पोळीनं ताट पुसून घेतलं. स्वस्ताबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो.

खापरावरचे मांडे
थांबा. पहिली बाटली रविवारी उघडलेली, दुसरी ताजी. ही काय तुलना झाली?

तापीकाठ
बूच लावून फ्रीजमध्ये होती, ताई.

काळ्या मसाल्याचा
आनी मटन कव्हय?