अंगठा बोंबलतो, किडनी गप्प बसते : गाऊट आणि किडनी, दोन्ही दुखणी सांभाळणाऱ्यांनो, अनुभव लिहा

२०११ सालची गटारी. मित्राच्या गच्चीवर बिअर, मटण, वर भेजा फ्राय. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली ती उजव्या पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने. आधी वाटलं, जिन्यात ठेच लागली असणार. दिवा लावून बघतो तर सांधा लालभडक, चकाकणारा. चादरीचं टोक टेकलं तरी जीव कळवळायचा. बायकोने पंखा लावला, तर वारासुद्धा सोसेना. शेवटी तिने मिक्सरचा रिकामा खोका एका बाजूने कापून पायावर पालथा घातला आणि त्यावरून चादर ओढली. तो खोका आजही माळ्यावर आहे.

सकाळी कोपऱ्यावरच्या केमिस्टने डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची पट्टी दिली. दोन दिवसांत चालायला लागलो. झालं, त्या गोळीची आणि माझी गट्टी जमली. वर्षाला दोन झटके, मग चार, मग महिन्याआड. चिठ्ठी कधी लागली नाही, "नेहमीची द्या" म्हटलं की पट्टी पुढ्यात. २०२२ मध्ये ऑफिसच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) २.१ आलं, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ३८. मला ना सूज, ना लघवीचा त्रास. लॅबवाल्यांनी नमुन्यांची अदलाबदल केली असणार म्हणून पुन्हा रक्त दिलं. २.२. किडनीच्या डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, "दुखण्यावर काय घेता?"

त्यांनी समजावलेलं माझ्या शब्दांत सांगतो. रोज तयार होणाऱ्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश किडनी बाहेर टाकते. ती मंदावली की ते साठतं. रक्तात ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की ते विरघळून राहत नाही, सांध्यात सुईसारखे बारीक स्फटिक धरतात. हाच गाऊट. सांधा पेटला की आपण वेदनाशामक घेतो, त्याने किडनीचा रक्तपुरवठा घटतो, ती आणखी मंदावते. मी बँकेत आहे, म्हणून बँकेच्या भाषेत: अकरा वर्षं अंगठ्याचं देणं मी किडनीच्या खात्यातून फेडत होतो, आणि त्या खात्याचं स्टेटमेंट कधी मागवलंच नव्हतं.

तुमचं कसं सुरू झालं, कुठे चुकलात, काय सोडावं लागलं, ते लिहा. डोस लिहिलात तर तो तुमचा, इतरांनी उचलू नये.

(ठाणे, वय ५२)

*

मी ६३ वर्षांची, माळकरी घरातली. मटण सोडाच, आमच्याकडे अंडंही येत नाही. गाऊट म्हणजे बाटली आणि बोकड असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं सुजली, भाकरी थापता येईना, तेव्हा दोन वर्षं आमवाताचे उपचार झाले. गाऊटची शंकाच कुणाला आली नाही. पुढे कळलं, पाळी असेपर्यंत बाईच्या शरीरातून युरिक ॲसिड बऱ्यापैकी निघून जातं. पाळी गेली की ते राखण जातं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माझ्या बीपीच्या गोळीच्या नावाला शेवटी 'एच' होतं. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवी वाढवतं, पण युरिक ॲसिड मात्र आत अडकवतं. नवीन डॉक्टरांनी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या, ती बघितली आणि बदलून लोसार्टान दिली. तेवढ्यावर युरिक ॲसिड ८.९ वरून साडेसातपर्यंत उतरलं. (कुणी वाचून आपली गोळी आपणच बंद करू नका. माझ्या जाऊबाईंनी केली, बीपी १९० वर गेलं.)

सूनबाईंनी मोबाइलवर वाचून तूरडाळ, मटकी, चवळी सगळं बंद केलं. हेतू चांगला, पण मी सहा किलो वाळले. ताटात नुसता भात आणि दुधी. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. डाळी-कडधान्यांमुळे गाऊट वाढताना दिसत नाही, त्यांची भीती नको. किडनीसाठी प्रथिनं मोजायची ती वेगळी बाब: किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे माझ्या ५५ किलोला ४४. त्यात दुपारचं एक वाटी वरण आरामात बसतं. त्या दिवशी घरी येऊन वरणावर लिंबू पिळलं आणि सूनबाईंसमोर बसून खाल्लं. बोलले काही नाही.

(इचलकरंजी)

*

काकूंनी वरण परत मिळवलं, मला बांगडा मिळाला नाही. देवगडचा आहे. बांगडा, तारली, मांदेली, तिसऱ्या, सगळं नेमकं प्युरिनवालं (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं ते). आता आठवड्यातून एकदा पापलेट किंवा मुडदुशी, तेही दोन तुकडे. डॉक्टर म्हणतात, युरिक ॲसिड गोळीने खाली राहिलं तर एवढं चालेल. पण लिहायला बसलो ते माशांवर नाही.

माझे थोरले काका. किडनी चौथ्या टप्प्यावर, डायलिसिस अजून नव्हतं. परसात करमलाचं झाड आहे (कमरख म्हणा, चिरलं की चांदणीसारखं दिसतं ते फळ). कुणीतरी सांगितलं आंबट फळाने युरिक ॲसिड झडतं. काकांनी मीठ-तिखट लावून चार-पाच खाल्ली. संध्याकाळी उचकी लागली. साखर, पाणी, श्वास धरणं, सगळं झालं. उचकी रात्रभर. सकाळी ते काकीला तिच्या आईच्या नावाने हाक मारायला लागले. गाडी काढून गाठलेल्या हॉस्पिटलात पहिल्या डॉक्टरला काही उमगेना. रात्रपाळीला एक मुलगी होती, शिकाऊच असेल, तिने विचारलं, "काल काय खाल्लं?" करमल म्हटल्यावर तिने लगेच वरच्यांना फोन लावला. या फळात मेंदूवर परिणाम करणारं विष असतं. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही. लागोपाठ डायलिसिस केलं म्हणून वाचले. शुद्धीवर आल्यावर काका म्हणतात, "परसातली करमलां, ती काय वीख आसत?"

झाड अजून आहे. काकीने खालच्या फांद्या तोडून टाकल्या, एवढंच.

*

देवगडच्या दादांचं वाचून विचारते, शहाळं चालतं ना? बाबांना रोज देतोय आम्ही. नैसर्गिक म्हणून.

*

ताई, आधी बाबांचं पोटॅशियम तपासा. शहाळ्यात ते भरपूर असतं, आणि मंदावलेल्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. माझ्या भावाला शहाळं आणि शिवाय 'कमी सोडियमचं' मीठ, दोन्ही सुरू होतं. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियमच घातलेलं असतं, पाकिटावर मागे बारीक छापलेलं. पोटॅशियम ६.४, नाडी मंद, थेट आयसीयू. आता वहिनी बटाटा, पालेभाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळते, पाणी फेकते, मग फोडणी. चव जाते. नाइलाज.

*

नागपूरहून. २०१७ मध्ये आईने किडनी दिली. प्रत्यारोपणानंतर दोन वर्षांनी घोटा सुजला. ज्या गोळ्या नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून घेतो, त्यातली सायक्लोस्पोरिन युरिक ॲसिड वाढवते हे तेव्हा माहीत नव्हतं. गावी लग्नाला गेलो होतो, तिथल्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल लिहून दिली. औषध चुकीचं नाही, गाऊटसाठी जगभर तेच देतात. पण मी त्यांना माझ्या बाकीच्या गोळ्या सांगितल्याच नाहीत. किडनी नाकारली जाऊ नये म्हणूनच्या गोळ्यांत माझी ॲझाथायोप्रिनही सुरू होती. ॲझाथायोप्रिन शरीरात ज्या एन्झाइममुळे निकामी होते, तेच एन्झाइम ॲलोप्युरिनॉल रोखते. मग ॲझाथायोप्रिन साठत जाते आणि रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर घाव घालते.

तीन आठवड्यांनी तोंड आलं, ताप भरला. पांढऱ्या पेशी १,९००. अकरा दिवस वेगळ्या खोलीत. आई काचेबाहेरून डबा दाखवायची, आत पाठवता येत नव्हता. तेव्हापासून पाकिटात आधार कार्डामागे गोळ्यांची यादी ठेवतो, लॅमिनेट करून. दात काढायला गेलो तरी आधी ती पुढे करतो.

*

एसटीत चालक आहे, सोलापूर विभाग. ड्युटीवर पाणी पीत नव्हतो, कारण गाडी थांबवून जायचं कुठं? मुतखडा झाला, युरिक ॲसिडचाच. एक्स-रेत दिसलाच नाही, हे खडे एक्स-रेत दिसत नाहीत म्हणे. सोनोग्राफीत दिसला. तोवर कंडक्टर मला नाटकी म्हणत होता. आता दोन बाटल्या सोबत असतात आणि दर स्टँडवर उतरतो. गाडी पाच मिनिटं उशिरा जाते. जाऊ दे.

*

(धागाकर्ता) चालकदादा, तुमचं वाचून माझ्या काउंटरवरची बाटली भरून आणली. पण एक सांगतो, ज्यांची किडनी बरीच खाली गेली आहे आणि पाय सुजतात, त्यांना डॉक्टर पाणी मोजून देतात. 'भरपूर पाणी प्या' हा सल्लाही सरसकट वाटू नका.

आणि काल मला तिघांनी गुळवेल, आवळा रस, कुळथाचं कढण असे मेसेज पाठवले. कढण मीही आवडीने पितो. पण मूत्रपिंड ३८ टक्क्यांवर असलेल्या माणसाला अनोळखी काढे सुचवताना हात जरा आवरा.

*

त्यावरून माझी कबुली. जत्रेत एकाकडून 'वातरक्तावरची' (म्हणजे गाऊटवरची) काळी पूड घेतली होती, तीनशे रुपये पाव किलो. जादूच! आठ महिने एकही झटका नाही. फक्त चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला आणि साखर ३१० वर गेली. पुडीत स्टिरॉइड असावं असं डॉक्टर म्हणाले, आणि एकदम बंद करू न देता त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवलं. मी रसायनशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांना सांगू नका.

*

माझं जरा लांबणार आहे, पण नवीन लोकांच्या कामाचं आहे. पुणे, वय ४४, लहानपणापासून एकच किडनी.

झटक्याच्या दिवशी रक्त तपासलं, युरिक ॲसिड ५.९. "नॉर्मल आहे, गाऊट नाही," म्हणून पाय मुरगळल्याचं बँडेज बांधून घरी पाठवलं. ऐन झटक्यात आकडा खाली आलेला असू शकतो हे मला दोन वर्षांनी कळलं. खरं निदान झालं ते गुडघ्यातलं पाणी काढून त्यात स्फटिक दिसल्यावर. नंतर तपासलेला आकडा ९.४.

ॲलोप्युरिनॉल सुरू केली आणि दहाव्या दिवशी पहिल्यापेक्षा जोरदार झटका. संतापून गोळ्या कचऱ्यात. वर्षभर फिरकलो नाही. पुढच्या डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "सांध्यात साठलेलं सुटायला लागलं की असं होतं, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." त्यांनी ५० मिलिग्रॅमपासून सुरुवात केली, दर महिन्याला थोडी वाढवली, आणि पहिले सहा महिने सोबत झटका आवरणारी कोल्चिसिन, तीही किडनी बघून कमी मात्रेत. एकदा मी स्वतःच्या मनाने जास्त घेतली, तर दिवसभर संडास सोडवेना. अंगावर पुरळ दिसलं तर त्याच क्षणी ॲलोप्युरिनॉल थांबवून फोन करायचा, हे त्यांनी माझ्या बायकोलाही बोलावून सांगितलं. मला आलं नाही, पण पहिले दोन महिने ती रोज रात्री माझी पाठ तपासायची. आज ५.६ आहे. दीड वर्षात झटका नाही. सहाच्या खाली ठेवायचं, आणि गाठी झालेल्यांनी पाचच्या, असं मला सांगितलं आहे.

*

गाठींवरून आमच्या आजोबांची आठवण. कोपरावर सुपारीएवढी गाठ, कानाच्या पाळीवर बारके पांढरे ठिपके. पान खायचे. एकदा बनियनवर पांढरं ओघळलेलं दिसलं. आजी ओरडली, "चुना सांडला बघा!" त्यांनी चंची उघडून दाखवली, चुन्याची डबी बंद. गाठ फुटून आतलं युरिक ॲसिड बाहेर आलं होतं, अगदी चुन्यासारखं ओलं, पांढरं. दुखतही नव्हतं. आजोबांनी ते बोटावर घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षांचं मटण आहे हे."

आजी नंतर कितीतरी दिवस हे सांगून हसायची. आजोबांची किडनी कुणी तपासलीच नाही. त्या काळी अंगठा दुखतो म्हणून रक्त कोण देतंय?

*

(धागाकर्ता) चाळीस वर्षांचं मटण! बायकोला वाचून दाखवलं, ती हसली आणि लगेच माझ्याकडे बघितलं.

दोघातिघांनी विचारलं म्हणून माझं पुढचं लिहितो. डायक्लोफिनॅक २०२२ पासून बंद. केमिस्ट अजूनही मला बघून त्या फळीकडे हात नेतो. सध्या युरिक ॲसिड कमी करणारी फेबुक्सोस्टॅट घेतो, आकडा ५.८. बिअर सोडली. कोल्ड्रिंकही सोडलं, त्यातल्या फळसाखरेने युरिक ॲसिड वाढतं हे कळल्यावर. तेच जास्त जड गेलं. तीन वर्षांत दोनच झटके आले, दोन्ही वेळा डॉक्टरांना फोन करून पाच दिवस प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) घेतलं. दोन्ही वेळा खोका माळ्यावरून खाली आला.

क्रिएटिनिन मागच्या वेळी १.९ होतं. आज सकाळी पुन्हा रक्त देऊन आलोय. रिपोर्ट संध्याकाळी सातनंतर मिळेल. आला की इथेच टाकतो.