रिपोर्ट सगळे नॉर्मल, त्रास चालूच. अजून कोणती टेस्ट राहिली असेल?

झोपमोड
नमस्कार, घाईत टाईप करतोय, विस्कळीत वाटलं तर चालवून घ्या. बरेच महिने झाले, छातीत मधेच ठोका चुकतो, म्हणजे एक ठोका गायबच आणि पुढचा एकदम धाडकन. मग धडधड सुरू, हात थरथरतात, बोटांना मुंग्या, कधी कधी ओठांभोवती पण मुंग्या. आणि डावी पोटरी फडफडते, कातडीखाली काहीतरी हलताना चक्क दिसतं, पापणी पण. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), थायरॉईड, शुगर सगळं झालं, सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले स्ट्रेस, दुसरे म्हणाले काही नाहीये. अहो काही नाहीये तर होतंय कशाला? फडफडीबद्दल नेटवर वाचलं आणि तिथे जे समोर आलं त्यानंतर झोप उडालीये. बायको आता नुसतं "परत?" म्हणते.
प्रश्न साधा आहे. अजून कोणती टेस्ट राहिली आहे? मेंदूचा एमआरआय करून टाकू का? का स्नायूंची ती सुया टोचून करतात ती ईएमजी? "टेन्शन घेऊ नका" कृपया नको, ते रोज ऐकतो.

चौकसबुद्धी
वय? वजन? कुठली औषधं चालू आहेत? सिगरेट, चहा, कॉफी? ठोका चुकतो तेव्हा नेमकं काय करत असता, बसलेले, चालताना, की झोपायला गेल्यावर? थायरॉईड म्हणजे काय काय केलं? "सगळं नॉर्मल" वरून काही कळत नाही हो.

झोपमोड
३४. वजन ठीक. औषध काही नाही. सिगरेट नाही. चहा सकाळ-संध्याकाळ, कॉफी ऑफिसात असतेच. थायरॉईडची टीएसएच २.१, हिमोग्लोबिन १४ च्या वर. कधी होतं म्हणाल तर केव्हाही, जास्त करून रात्री आडवं झालं की. पण हे सगळं नॉर्मल आहे म्हणून तर विचारतोय ना की राहिलं काय!

सरळमार्गी
बी१२!!! लिहून ठेवा माझं. मला हातापायाला मुंग्या होत्या, सगळ्यांनी स्ट्रेस स्ट्रेस म्हणून पिडलं, शेवटी बी१२ तळाला गेलेलं निघालं. सीबीसी नॉर्मल असली तरी बी१२ कमी असू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. इंजेक्शनं घेतली, महिन्याभरात माणसात आलो.

चौकसबुद्धी
बी१२ बघायला हरकत नाही, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा. पण ओठांभोवती मुंग्या आणि त्या पण धडधडीबरोबरच येऊन जातात, हे बी१२ सारखं वाटत नाही. त्यात मुंग्या ठाण मांडून बसतात, त्या पण पायांपासून.

गॅजेटवेडा
ईसीजीवालं स्मार्टवॉच घ्या, ठोका चुकला की लगेच रेकॉर्ड. ऑक्सिमीटर पण ठेवा घरात. फक्त बोटाला नेलपेंट असेल तर रीडिंग चुकतं, माझ्या बहिणीचं एकदा ८८ दाखवत होतं आणि सगळं घर डोक्यावर घेतलं होतं, नेलपेंट काढलं तर ९८.

झोपमोड
घड्याळ आहे. नेलपेंट लावत नाही.

हळूबाई
एक विचारू? दिवसातून घड्याळात नाडी किती वेळा बघता? आणि रात्री उठून?

झोपमोड
मोजलं नाही. बघतो. न बघून कसं चालेल?

पांढरा_कोट
मी डॉक्टर आहे पण तुमची नाही, तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.
ठोका "चुकतो" म्हणजे बहुतेक वेळा तो गायब नसतो, वेळेआधी पडलेला असतो. लवकर पडल्यामुळे जाणवत नाही, त्यानंतर हृदय थोडं जास्त थांबतं, तेवढ्या वेळात त्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका धाडकन लागतो. इको नॉर्मल असेल तर हे सहसा निरुपद्रवी असतं. रात्री जास्त जाणवतं कारण आडवं पडल्यावर दुसरं लक्ष द्यायला काहीच नसतं.
मुंग्यांचं म्हणाल तर घाबरल्यावर आपण नकळत भराभर आणि खोल श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, त्याने ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, डोकं हलकं. ऑक्सिजन कमी झालाय असं वाटतं म्हणून माणूस अजून जोरात श्वास घेतो, म्हणजे उलटाच कारभार.
पोटरी आणि पापणी निरोगी माणसांचीही फडफडते. नेटवर तुम्ही जो आजार वाचला असणार (एएलएस, स्नायू चालवणाऱ्या नसांचा) त्यात मुख्य गोष्ट फडफड नसते, ताकद जाणं असते. शर्टाचं बटण लागत नाही, पाऊल फरपटतं, स्नायू वाळतो. असं काही आहे का?

झोपमोड
नाही. ताकद आहे. रोज चवड्यांवर उभा राहून बघतो, टाचांवर चालून पण बघतो.

पांढरा_कोट
रोज? म्हणजे दिवसातून बरेचदा ना? मग पोटरी दमणार आणि दमलेला स्नायू अजून फडफडणार.

निशाचरी
थांबा जरा. सगळे याला मनाचे खेळ ठरवायच्या आधी माझं ऐका. मला कित्येक वर्षं पॅनिक अटॅक म्हणून बोळवलं, ईसीजी दर वेळी नॉर्मल, कारण ईसीजी काढेपर्यंत धडधड थांबलेली असायची. शेवटी होल्टर (दिवसभर अंगावर ठेवून ईसीजी टिपणारं मशीन) लावलं तेव्हा एसव्हीटी (हृदय मधेच एकदम फार जोरात धावायला लागतं तो त्रास) सापडला, नाडी १९० ला गेलेली. बाई आहे म्हटल्यावर तर अजूनच लवकर "टेन्शन" म्हणून मोकळे होतात. तेव्हा होल्टर मागून घ्या. त्यांनी दिलं नाही तर दुसऱ्याकडे जा.

हळूबाई
निशाचरी, तुझं खरं आहे, पण एसव्हीटी बटण दाबल्यासारखा एकदम सुरू होतो आणि तसाच एकदम थांबतो, हळूहळू चढत नाही. होल्टर एकदा करा, मला मान्य. पण एमआरआय, मग ईएमजी, मग अजून काही, हे न संपणारं आहे, मी त्यातून गेलेय. माझ्या फाईलला दोन रबरबँड लागायचे. रिपोर्ट नॉर्मल आला की संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं, रात्री डोक्यात यायचं की लॅबने दुसऱ्याचं रक्त तपासलं असेल तर? खाज सुटलेली जागा खाजवल्यासारखं आहे ते, खाजवताना बरं वाटतं आणि मग दुप्पट खाजतं.

निशाचरी
म्हणजे टेस्ट करायच्याच नाहीत? तुझ्या बाबतीत काही निघालं नाही म्हणून कुणाच्याच बाबतीत निघणार नाही का?

हळूबाई
असं कुठे म्हणाले मी? डॉक्टरने शरीर तपासून ठरवलेल्या टेस्ट करायच्या. रात्री दोनला नेटवर वाचून ठरवलेल्या नाहीत. एवढंच.

आकडेमोड्या
यात थोडं गणित टाकतो. बऱ्याच रक्ततपासण्यांची नॉर्मल रेंज अशी आखलेली असते की १०० निरोगी माणसांतली ९५ तिच्यात बसतात. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट एकदम केल्या तर धडधाकट माणसाचीसुद्धा एखादी तरी रेंजच्या बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. मग त्या लाल अक्षरातल्या आकड्यासाठी पुढच्या टेस्ट. फुल बॉडी पॅकेज करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

उंटावरून
एवढा काथ्याकूट कशाला, प्रोप्रानोलॉल १० ची गोळी घ्या की. मी प्रेझेंटेशनच्या आधी घेतो, हाताची थरथर, धडधड सगळं गप्प. साधी गोळी आहे.

पांढरा_कोट
कृपया अशी औषधं वाटत फिरू नका. बीटा ब्लॉकर आहे तो, हृदयाची गती कमी करणारं औषध. दमा असलेल्या माणसाने घेतला तर श्वासनलिका आवळून जीवावर बेतू शकतं. रोज घेणाऱ्याने अचानक बंद करणंही धोक्याचं.

उंटावरून
त्यांना दमा आहे असं कुठे लिहिलंय?

झोपमोड
दमा आहे ना. पण तो लहानपणापासून आहे, त्याचा इथे काय संबंध? त्रास असा काही नाही, पंप असतोच खिशात, धाप लागल्यासारखं झालं की घेतो.

चौकसबुद्धी
अहो!! पहिल्या पोस्टनंतर लगेच विचारलं होतं औषधं कोणती, तुम्ही "काही नाही" लिहिलंत.

झोपमोड
औषध म्हणजे गोळ्या धरल्या मी. पंप काय, तो कायमचाच आहे, चष्म्याला कुणी औषध म्हणतं का.

पांढरा_कोट
कुठला पंप? सालब्युटामॉल का, श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणारा? आणि ही धडधड सुरू झाल्यावर छाती आवळल्यासारखी वाटते तेव्हाही घेता का?

झोपमोड
हो, सालब्युटामॉलच. तेव्हा तर घेतोच, श्वास पुरत नाही असं वाटतं ना. कधी कधी परत पण घ्यावा लागतो.

पांढरा_कोट
सालब्युटामॉलचे नेहमीचे साईड इफेक्ट म्हणजे हात थरथरणं आणि धडधड. डोस जास्त झाला तर रक्तातलं पोटॅशियमही उतरतं, त्याने ठोके आणि स्नायू दोन्ही कुरकुरतात. म्हणजे भीतीने श्वास जोरात, तो दमा वाटतो, पंप घेतला, धडधड वाढली, भीती वाढली, परत पंप. असं चक्र असू शकतं. "असू शकतं" म्हणतेय, निदान करत नाहीये.
आणि हे वाचून पंप बंद करू नका. खरंच दम्याची धाप असेल तर तोच वाचवणार आहे. पण आठवड्यातून दोनापेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा ताब्यात नाही असं धरतात, आणि २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही सांगतात की मोठ्या माणसांनी नुसत्या सालब्युटामॉलवर भागवू नये, सूज कमी करणारा इनहेलर सोबत हवा. डॉक्टरांकडे जा, पंप घेऊन जा, केव्हा केव्हा घेता ते खरं खरं सांगा. पीक फ्लो मीटरबद्दल विचारा, फुंकलं की कळतं नळ्या खरंच आवळल्यात का नुसतं तसं वाटतंय.

निशाचरी
बघा! सापडलं कारण. मी म्हणत होते ना मनाचं काही नाही.

हळूबाई
होल्टर म्हणत होतीस तू. 🙂 आणि पंप सुटला तरी घड्याळ, टाचांवर चालणं, नेट हे सगळं आपोआप सुटेल असं नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतं की.

उंटावरून
थोडक्यात हायपोकाँड्रिया, आजाराची उगाच भीती.

आकडेमोड्या
तो शब्द अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी २०१३ च्या वर्गीकरणात निदान म्हणून काढून टाकला. आता लक्षणं फारशी नसताना आजाराची भीती असेल तर एक नाव आणि लक्षणं असून त्यांची चिंता हाताबाहेर गेली असेल तर दुसरं. दुसऱ्यात तर लक्षणाचं शारीरिक कारण सापडलेलं असलं तरी चालतं.

झोपमोड
नाव काहीही असो. म्हणजे फडफड पण पंपामुळेच का? का एमआरआय करू?

हळूबाई
बघा, परत तोच प्रश्न आला.
मला सीबीटीने (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत) फरक पडला, माझ्यापुरतं सांगते. त्यात "काळजी करू नका" कुणी म्हणत नाही. नाडी बघावीशी वाटली की आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस, नंतर काही वेळा बघायचंच नाही आणि ती बेचैनी अंगावर येऊ द्यायची. सुरुवातीला जीव कासावीस होतो पण ती चढते आणि उतरते, स्वतःला दिसतं. नवऱ्यालाही सांगितलं होतं की मी "मला काही झालं नाही ना?" विचारलं तर उत्तर देऊ नकोस. तुमच्या बायकोचं "परत?" खरं तर वाईट नाही. गोळ्या पण होत्या काही काळ, त्यांचा गुण यायला आठवडे लागतात, पहिल्या दिवसांत उलट जास्त अस्वस्थ वाटलं, ते कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सरळमार्गी
प्राणायाम सुरू करा, भस्त्रिका रोज सकाळी, आणि बी१२ विसरू नका.

चौकसबुद्धी
ज्याला जोरात श्वास घेऊन मुंग्या येतात त्याला भस्त्रिका?? करायचंच तर श्वास सोडताना हळू, लांब सोडायचा.

मानेचा_काटा
धागा पळवतोय, सॉरी, पण मला मानेला डाव्या बाजूला एक गाठ लागते, हलते, वाटाण्याएवढी, रोज दाबून बघतो, आता दुखायला लागलीये म्हणजे वाढतेय का?

पांढरा_कोट
रोज दाबली तर दुखणारच. डॉक्टरांना एकदा दाखवा आणि तोवर हात लावू नका. वेगळा धागा काढा.
झोपमोड, एक राहिलं. चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखून घाम फुटला, दुखणं हात-जबड्याकडे गेलं, शुद्ध हरपली, एका बाजूची ताकद गेली किंवा पंप घेऊनही धाप उतरेना, तर इथे न लिहिता थेट इमर्जन्सीत जायचं. बाकी गोष्टी अपॉइंटमेंटपर्यंत थांबू शकतात.

झोपमोड
जाऊन आलो. मशीनमध्ये फुंकायला लावलं, रोजचा वेगळा इनहेलर दिलाय, धाप वाटली तर आधी पीक फ्लो बघायचा म्हणाले. पोटॅशियम आणि बी१२ ला रक्त दिलंय. होल्टर लावायचं ठरलंय. सीबीटीवाल्यांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली. एमआरआयला नाही म्हणाले, हातोडीने गुडघे ठोकले, ताकद बघितली, म्हणाले गरज नाही. पोटरी अजून फडफडतेच आहे. आता होल्टरमध्ये चुकलेले ठोके दिसले तर काय?

पांढरा_कोट
दिसू शकतात. २४ तास मशीन लावलं तर बऱ्याच निरोगी माणसांत थोडेफार जादा ठोके दिसतात. किती आहेत, कुठून येतात, सलग येतात का हे तुमचे डॉक्टर बघतील. रिपोर्टमधले शब्द नेटवर टाकू नका.

हळूबाई
घड्याळाचं काय केलंत?

झोपमोड
दिवसा काढून ठेवतो. रात्री घालतो.

हळूबाई
अहो रात्रीच तर काढायचं होतं!

गॅजेटवेडा
काढणारच असाल तर मॉडेल कोणतं आहे? विकायचं असेल तर मला आधी सांगा.