घरी शिकणाऱ्या पोरांना घड्याळ हवंच का? (सांगली)

विश्रामबागची आई:
मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 6 ची. जूनपासून दोघांची शाळा बंद, घरीच शिकवतेय. सुरुवातीला भिंतीवर तासातासाचा तक्ता लावला, 9 ला गणित, पावणेदहाला मराठी वगैरे. चौथ्या दिवशी धाकटीने त्याची होडी केली. आता वेळ नाही, फक्त क्रम ठरवलाय. नाष्टा झाला की गणित, मग भाषा, जेवणानंतर हाताने करायचं काहीतरी, पाचनंतर बाहेर. गणित कधी 9 ला सुरू होतं कधी साडेदहाला, पण ते झाल्याशिवाय पुढचं नाही. सासूबाई म्हणतात ही कसली शिस्त. तुम्हाला काय वाटतं?

रिटायर्ड मास्तर:
सासूबाईंचं बरोबर आहे. वेळ सैल सोडली की ती घरच्यांच्या मूडवर जाते. पाहुणे आले, गॅस संपला, की गणित गेलं. शाळेची घंटा कुणाचा मूड बघून वाजत नाही ताई. आणि डबा वाटून खायला घरी कोण शिकवणार? कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1919 ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, खेड्यातली पोरं शाळेत यावीत म्हणून जन्म घालवला, आणि आपण शिकलेली माणसं पोरं परत घरात घेऊन बसतोय.

विश्रामबागची आई:
काका, मूड नाही, क्रम म्हटलंय मी. जुलैत पाऊस लागला तेव्हा पोरगा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी रोज वहीत लिहायचा. इशारा 40 फूट, धोका 45, हे त्याला पाठच. एक दिवस आदल्या दिवशीचे 31 फूट 9 इंच आणि त्या दिवशीचे 34 फूट 3 इंच, तर किती चढलं म्हणून वजाबाकी केली आणि उत्तर काढलं 2 फूट 4 इंच. उसने 10 घेतले होते ना! फुटाचे 12 इंच होतात हे टेप आणून, दारावर खुणा करून त्याला पटेपर्यंत दीड तास गेला. मग स्वतःच म्हणाला, अडीच फूट, असंच चढलं तर तीन दिवसांत इशारा. घंटा असती तर हे मधेच तुटलं असतं की नाही?

हरिपूरकर:
ताई आम्ही पण दोन वर्षं केलंय हे, सुरुवातीला लई भारी वाटतं. मग झोपायला 12, उठायला साडेनऊ, नाष्टाच 11 ला, तुमचा क्रम काय करणार तिथं? शेवटी परत शाळेत घातलं तर पोराला सलग बसवेना, दोन महिने रडारड. माझं म्हणणं, उठायची आणि झोपायची वेळ खिळा ठोकल्यासारखी पक्की करा, मधलं काय ढिलं सोडायचं ते सोडा.

मिरजेची कॉमर्सवाली:
दहावीचं टेन्शन आत्ता नको, एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालय, शाळेत न जाता दहावी देता येते ते) परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि 14 वर्षं पूर्ण लागतात, तुमच्याकडं वेळ आहे. पण मला एक सांगा, या सगळ्यात पोरांचे बाबा कुठायत ओ? क्रम त्यांचा पण लावा की.

रिटायर्ड मास्तर:
वजाबाकीचं उदाहरण आवडलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी भाषा कधी झाली?

विश्रामबागची आई:
राहिली काका ती.