मुलांनी आगीचा धसका घेतलाय, कसं सावरू? सल्ला हवा आहे

उंबरठा
नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, लिहिण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

तीन आठवड्यांपूर्वी मध्यरात्री आमच्या घराला आग लागली. आम्ही चौघं बाहेर पडलो, पण नवऱ्याचे दोन्ही हात भाजले, आठ दिवस तो दवाखान्यात होता. सध्या सासूबाईंकडे राहतोय. आमची मांजर आतच राहिली.

मुलगी सहा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी सुटलेली सवय परत आली, रोज रात्री अंथरूण ओलं होतं. बाबा अंघोळीला गेला तरी दाराबाहेर बसून राहते. आणि दिवसभर एकच खेळ: बाहुल्या झोपल्या, आग लागली, सगळ्यांना उचलून बाहेर आणायचं. एक मात्र दरवेळी आतच ठेवते. तिला आम्ही सांगितलंय की मांजर पळून गेली. ती रोज दाराशी तिच्यासाठी वाटी भरून ठेवते.

मुलगा बारा वर्षांचा. तो काहीच बोलत नाही. जेवतो, अभ्यास करतो, "मी ठीक आहे" म्हणतो. पण कुणीतरी त्या रात्री काढलेला व्हिडिओ त्याच्या फोनवर आहे आणि तो पांघरुणात पुन्हा पुन्हा बघतो, हे मला परवा कळलं.

घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, विषय काढू नका, लहान आहेत, विसरतील. एका नातेवाइकांनी मुलीला झोपेचं औषध सुरू करा म्हणून सुचवलंय. मला यातलं काहीच पटत नाहीये, पण मग काय करायचं तेही सुचत नाही. समुपदेशकाकडे न्यावं का? चांगला समुपदेशक ओळखायचा कसा?

कवडसा
ताई, वाचून पोटात तुटलं. माझ्याकडे सल्ला नाही, फक्त एक विचारते. तुम्ही स्वतः झोपताय का? मुलांचं सगळं लिहिलंत, तुमचं एक अक्षर नाही.

अडुळसा
मी चौदा वर्षं मुलांसोबत समुपदेशनाचं काम करतेय. मुलांना न भेटता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंच काही अशा प्रसंगानंतर बहुतेक मुलं करतात. पहिल्या महिन्यात दचकून उठणं, बिलगणं, आधीची सवय परत येणं, चिडणं, गप्प होणं हा हबकलेल्या मनाचा स्वाभाविक प्रतिसाद असतो, आणि बहुसंख्य मुलांमध्ये तो हळूहळू ओसरतो. आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदानसुद्धा लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच करतात.

आधी अंथरुणाचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली तीव्र ताणानंतरच्या त्रासांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात याचा वेगळा उल्लेख आहे. रागावण्याने, लाजवण्याने त्रास वाढतो हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. झोपण्याआधी लघवीला नेणं, कोरड्या रात्रीला वहीत चांदणी चिकटवणं एवढं पुरतं. ओल्या रात्रीबद्दल काही बोलायचं नाही, चादर बदलायची आणि झोपायचं.

झोपेच्या औषधाबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. बेंझोडायझेपीन गटातली, म्हणजे मेंदू शांत करून झोप आणणारी औषधं मुलांना पहिल्या महिन्यात झोपेसाठी देऊ नयेत, असं त्याच सूचनांत स्पष्ट म्हटलंय.

आता खेळाबद्दल, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावात शाळेच्या बसमधल्या २६ मुलांचं अपहरण झालं, चालकासकट त्यांना जमिनीखाली गाडलेल्या ट्रकमध्ये कोंडलं होतं. सगळी सुटली. लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ त्या मुलांना पुढची काही वर्षं भेटत राहिल्या. त्यांना दिसलं की मुलं घडलेल्या गोष्टीचा खेळ करतात. तो तोच तोच, अगदी गंभीर चेहऱ्याने खेळलेला असतो, आणि त्यात मजा नसते. तुमची मुलगी हेच करतेय. खेळ थांबवू नका, तिच्या शेजारी जमिनीवर बसा. खेळात काही बदलतंय का ते बघत राहा: नवं पात्र येतं का, मदत येते का, शेवट सरकतो का. बदलत असेल तर ती त्यातून वाट काढतेय. आठवडेच्या आठवडे एक तसूभरही हलला नाही आणि खेळून झाल्यावर ती जास्त भेदरलेली दिसली, तर मात्र तज्ज्ञ हवा.

जी बाहुली दरवेळी आत राहते, ती कोण आहे असं तुम्हाला वाटतं? मला वाटतं तिला मांजरीचं माहीत आहे, निदान शंका तरी आहे. आणि ते कुणाशी बोलायची सोय नाही, हेही तिला माहीत आहे.

दोन_मुलांचा_बाबा
आमच्या गाडीला अपघात झाला तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती. चौथ्याच दिवशी आम्ही तिला एका समुपदेशकांकडे नेलं. त्यांनी तिला समोर बसवून "डोळे मिट आणि सगळं पहिल्यापासून सांग, मनातलं बाहेर काढून टाक" असं दीड तास चालवलं. आम्हाला बाहेर बसवलं होतं. त्या रात्रीपासून ती गाडीच काय, रस्त्यावर पाऊल टाकेना. नंतर दुसरीकडे फार चांगली मदत मिळाली, पण ते चार महिने मी विसरू शकत नाही. घाई करू नका एवढंच सांगायचंय.

अडुळसा
बाबा, लिहिलंत हे फार बरं केलंत. लगेचच्या दिवसांत एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत एके काळी बरीच चालायची. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचं संशोधन तपासते, तिच्या २००२ च्या आढाव्यात मोठ्या माणसांवरचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा तिने पुढचा त्रास टळतो असं दिसलं नाही, काहींचा तर वाढला. आता भर वेगळ्या गोष्टीवर असतो. २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीन क्रियापदं आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, त्याला कशाची गरज आहे ते पाहा. जेवढं तो आपणहून सांगेल तेवढं ऐका. आणि त्याच्या माणसांशी, मदतीशी त्याला जोडून द्या. कुणाला बोलायला भाग पाडायचं नाही.

म्हणजे "विषय काढू नका" हेही चूक आणि "सगळं बाहेर काढ" हेही. मूल दार उघडेल तेव्हा आपण दाराशी असायचं.

पाटीपेन्सिल
मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गशिक्षिकेला सगळं सांगून ठेवा, मांजरीसकट. आम्हाला माहीत नसलं की आम्ही नेमका नको तो निबंध देतो. शाळेत आगीची घंटा वाजवून सराव असेल तर मुलांना आदल्या दिवशी सांगायला आणि तेव्हा जवळ उभं राहायला सांगा. एकदा माझ्या वर्गात आगीतून वाचलेला एक मुलगा होता, त्याला काही दिवस दाराजवळचा बाक दिला होता. दार दिसलं की तो निवांत असायचा. आणि शक्य तितक्या लवकर नेहमीचं वेळापत्रक सुरू करा. उठणं, शाळा, अभ्यास, गोष्ट, झोप. पुढे काय होणार हे आधीच माहीत असण्यात मुलांना केवढा आधार असतो, ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

किनारा
मी इथे कधी वैयक्तिक लिहीत नाही, आज लिहितो.

मी सात वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ गेला. मला सांगितलं, तो मोठ्या दवाखान्यात आहे. घरात त्याचं नाव निघालं की सगळे गप्प व्हायचे, म्हणून मी विचारणं सोडलं. पण मी वाट बघत होतो, जवळजवळ वर्षभर. त्याच्या वाटणीच्या खेळण्यांना कुणाला हात लावू देत नव्हतो. शेवटी शाळेतल्या एका मुलाने भांडणात तोंडावर फेकलं. दुःख तर झालंच, पण माझ्या डोक्यात त्याहून खोल काय बसलं असेल तर हे, की आईबाबा खोटं सांगू शकतात. त्यांनी मला जपण्यासाठीच केलं, मी त्यांना कधीच दोष दिला नाही. पण ताई, ती वाटी रोज भरतेय. तिला सांगा.

उंबरठा
सगळ्यांचे उपकार कसे मानू. कवडसा, नाही, झोपत नाहीये. कालपासून रात्री दोन तास सासूबाई मुलीजवळ बसतात आणि मी झोपते. किनारा, तुमचं वाचून खूप रडले आणि मग नवऱ्याला वाचायला दिलं.

सांगायचं ठरलंय. पण शब्द कोणते वापरू? सासूबाई म्हणतात, देवाघरी गेली म्हणून सांगा. आणि मुलाच्या व्हिडिओचं काय करू, फोन काढून घेऊ?

अडुळसा
"मेली" हा शब्द वापरा. कठोर वाटेल, पण सहा वर्षांच्या आसपासची मुलं मरण परत न फिरणारं असतं हे नुकती कुठे समजून घेत असतात. देवाघर म्हटलं तर तिथे कसं जायचं, परत कधी येणार, हे प्रश्न येतात. "झोपली" तर चुकूनही म्हणू नका, ती झोपायलाच घाबरेल. तुमच्या घरातली श्रद्धा नंतर खुशाल सांगा, पण आधी साधी गोष्ट. तुम्ही दोघं मिळून, दिवसाउजेडी, साधारण असं: "आम्ही तुला मांजर पळून गेली म्हणून सांगितलं, ते खरं नव्हतं. ती आगीत मेली. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, पण आमचं चुकलं. मेली म्हणजे तिचं शरीर आता काम करत नाही, तिला दुखत नाही, आणि ती परत येणार नाही. यात तुझी काही चूक नाही." मग थांबा. ती रडेल किंवा लगेच खेळायला पळेल, दोन्ही ठीक. तेच प्रश्न दहादा विचारेल, दहादा तेच उत्तर द्या.

तुमचे डोळे भरून आले तर येऊ द्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मुलांच्या मनोविश्लेषक लहान मुलांची पाळणाघरं चालवत होत्या. त्यांना दिसलं की मुलं बॉम्बपेक्षा आईपासून ताटातूट झाल्याने जास्त खचतात. तुम्ही जवळ आहात हेच तिच्यासाठी मोठं आहे.

व्हिडिओबद्दल: अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत १९९५ साली झालेल्या स्फोटानंतर शाळकरी मुलांची पाहणी केली होती. ज्यांचं जवळचं कुणी गेलं नव्हतं अशांतही टीव्हीवर ती दृश्यं जास्त पाहिलेल्यांना त्रास जास्त होता. तेव्हा व्हिडिओ बघणं थांबायला हवं. पण फोन हिसकावून घेतलात तर तो तुमच्याशी बोलायचा बंद होईल. त्याच्या शेजारी बसून विचारा, "तू यात काय शोधतोयस?"

उंबरठा
नऊ दिवसांनी लिहितेय.

मुलीला सांगितलं. तिने विचारलं, "तिला चटका बसला का?" नवरा म्हणाला, धुरामुळे ती बहुतेक आधीच बेशुद्ध झाली असणार. हे आम्ही अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना आधी विचारून घेतलं होतं, पुन्हा खोटं नको म्हणून. ती खूप रडली. संध्याकाळी वाटी स्वतः धुऊन ठेवली.

मुलाला तुम्ही लिहिलात तोच प्रश्न विचारला. बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "माझी खिडकी आधी पेटली का ते बघतोय." त्याने रात्री चार्जर लावून ठेवला होता. गेला महिनाभर हे पोर, आग आपल्यामुळे लागली आणि बाबाचे हात आपल्यामुळे भाजले, हे मनात घेऊन जगत होतं. तपासणीच्या अहवालात स्वच्छ लिहिलंय की ठिणगी जिन्याजवळच्या भिंतीतल्या जुन्या वायरिंगमध्ये पडली. तो अहवाल आमच्या फाईलमध्ये पंधरा दिवस पडून होता! त्याला वाचायला दिला. दोनदा वाचला आणि बाबाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. व्हिडिओ त्याने स्वतः पुसला.

पण रात्री तो अजून चार-पाच वेळा उठून सगळे प्लग तपासतो. आता महिना उलटलाय. दाखवावं ना?

अडुळसा
हो, त्याला दाखवा. अपराधीपणा त्या अहवालाने बराच हलका होईल, पण रात्रीची तपासणी महिन्यानंतरही चालू आहे, तिला मदत लागेल. चाउचिलाच्या मुलांतही हे दिसलं होतं: आधी काहीतरी खूण मिळाली होती, ती आपण ओळखायला हवी होती, असं ती धरून बसत. अचानक कोसळलेल्या गोष्टीला मन कारण शोधतं, आणि मुलाला सगळ्यात जवळचं कारण सापडतं ते स्वतःच.

समुपदेशकाला पहिल्या फोनवर विचारा: मुलांबरोबर आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय का? आघातकेंद्रित वर्तन-बोधन उपचार (घटनेबद्दलचे विचार आणि वागणं यांवर काम करणारा) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आठवणींवर काम करणारी पद्धत) यांपैकी काय वापरता? मुलांसाठी या दोन्ही पद्धतींची शिफारस त्या २०१३ च्या सूचनांत आहे. आणि पालकांना उपचारात सामील करून घेता का? पहिल्या पद्धतीत साधारण बारा ते पंचवीस बैठका असतात, आईवडिलांचा त्यात ठरलेला वाटा असतो, आणि आधी मुलाला स्वतःला शांत करण्याची साधनं शिकवून मगच घटनेकडे वळतात. "पहिल्याच भेटीत सगळं वदवून घेतो" किंवा "दोन बैठकांत बरा करतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. नाव मिळत नसेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारा.

मधल्या काळात जगायचं नाही असं काही बोलला, खाणंपिणं सुटलं, तर भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दोन_मुलांचा_बाबा
झोपण्याआधी तुम्ही आणि मुलाने मिळून एकदाच प्लग तपासायचे असं ठरवून बघा. आम्ही गाडीच्या सीटबेल्टचं असंच केलं होतं. "तपासू नकोस" म्हटल्याने लेक जास्त घाबरायची, सोबतीने तपासलं की एकदाच पुरायचं. मात्र समुपदेशकांना हे सांगा, आमच्या बाईंनी पुढे ती सोबतही हळूहळू कमी केली.

उंबरठा
आजपासून करतो. तीन जणांना फोन केले, एकींनी तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरं दिली. गुरुवारची वेळ मिळाली आहे, आम्ही दोघंही जाणार आहोत.

मुलीचा खेळ चालूच आहे. पण काल तिने दादाला बोलावून अग्निशामक केलं. मांजर झालेली बाहुली अजूनही आतच राहते. खेळ संपल्यावर ती तिला बाहेर आणते, रुमालात गुंडाळते आणि उशाशी ठेवते. मी शेजारी बसून असते, काही बोलत नाही. बरोबर करतेय ना?

अडुळसा
अगदी बरोबर. गुरुवारी हे असंच्या असं त्यांना सांगा.