ओंगोलचं उदाहरण बघा

'फिरता प्रचारक येतो, प्रवचन देतो, निघून जातो. मंडळी वाढते ती स्थानिकांमुळे' हे ख्रिस्ती धर्मप्रसाराबद्दल मांडलं जाणारं मत मला निम्मं पटतं. तेलुगू मुलखातलं ओंगोल आठवलं. तिथली बाप्टिस्ट मंडळी (म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाची स्थानिक चर्च-संस्था) १ जानेवारी १८६७ ला सुरू झाली तेव्हा सभासद होते फक्त ८. अमेरिकन मिशनरी जॉन क्लाऊ तंबू घेऊन गावोगाव फिरत, हे खरं. पण गावात दार उघडायला आधी यर्रगुंट्ला पेरय्यासारखा माणूस लागला. हा मादिगा या चामड्याचं काम करणाऱ्या दलित समाजातला, चामड्याचा व्यापारी. नातीगोती, ओळखीपाळखी सगळ्या त्याच्या!

पुढे १८७६-७८ चा दुष्काळ पडला (आपल्याकडे सोलापूर-नगरला होरपळणारा तोच). क्लाऊंनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं आणि लोकांना मजुरी दिली. त्या काळात बाप्तिस्मे मात्र थांबवले, कारण पोटासाठी कोणी ख्रिस्ती व्हायला नको होतं. मला त्या माणसाची हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. मग ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ बाप्तिस्मे झाले. पाण्यात उतरून ते देणारे सहाही जण तेलुगू उपदेशक होते.