लाइव्हसाठी बजेटमधला ६१ कीजचा सिंथ: टोन बदलला की आवाज तुटतो, त्याचं काय?

कोमल_धैवत
बँडसाठी सिंथ (सिंथेसायझर कीबोर्ड) घ्यायचा आहे. एकाच गाण्यात पियानो, मग स्ट्रिंग्ज, मग लीड लागतो. सध्याच्या कीबोर्डवर टोन बदलला की धरलेला सूर कापल्यासारखा तुटतो. यामाहा एमएक्स६१, रोलँड जुनो-डीएस६१ आणि कॉर्ग क्रॉस २ ही तीन नावं डोक्यात आहेत, सेकंडहँडही चालेल. पॉलिफनी (एका वेळी किती आवाज वाजू शकतात तो आकडा) १२० की १२८, याने फरक पडतो का? आणि मिक्सरला लावलं की येणारी घरघर कशाची?

पॅचबे
सूर तुटण्याचं कारण आधी. या किमतीच्या बहुतेक सिंथमध्ये इफेक्टचे ब्लॉक मोजकेच असतात. नवा पॅच (साठवलेला आवाज) आपलं रिव्हर्ब-कोरस (घुमारा आणि भरीवपणा देणारे इफेक्ट) घेऊन येतो, त्यात जुन्याची शेपूट पुसली जाते. म्हणून गाण्याच्या मध्ये पॅच बदलायचाच नाही, अख्खं गाणं एकाच परफॉर्मन्समध्ये (अनेक पॅच एकत्र साठवलेली मांडणी) बसवायचं. पार्ट १ ला पियानो, पार्ट २ ला स्ट्रिंग्ज, दोन्हींचा लेयर, म्हणजे एक की दाबली की दोन्ही वाजतात. स्ट्रिंग्जचा पार्ट एक्स्प्रेशन पेडलवर (पायाने आवाज कमी-जास्त करणारं, मिडीत सीसी ११) ठेवा आणि पियानोच्या पार्टचं एक्स्प्रेशन घेणं बंद करा, नाहीतर पेडल मागे घेतलं की दोन्ही विझतात. हे हमखास विसरलं जातं.

लीडसाठी स्प्लिट. ६१ कीजचे दोन भाग केले की प्रत्येकाला जेमतेम अडीच सप्तकं उरतात, तेव्हा डाव्या भागाला ऑक्टेव्ह +१ आणि उजव्याला −१ देऊन बघा. नाहीतर डावीकडचे कॉर्ड ढोलासारखे घुमतात.

सोळा_चॅनल
पॉलिफनीचा आकडा म्हणजे सुरांची संख्या नव्हे. जुनो-डीएसच्या एका पॅचमध्ये ४ पर्यंत टोन (आवाजाचे थर) असतात, एमएक्सच्या व्हॉइसमध्ये (तिथे पॅचला हेच म्हणतात) ८ पर्यंत एलिमेंट, म्हणजे तसेच थर. समजा पियानो एका कीला पॉलिफनीतले २ आवाज खातो आणि स्ट्रिंग्ज ४. दोन्ही हातांत मिळून ८ सूर, म्हणजे ४८. सस्टेन पेडल (सूर लांबवणारं) न सोडता दुसरा कॉर्ड घेतला की ९६, तिसऱ्याला १२८ संपले आणि सगळ्यात जुने सूर गळायला लागले. म्हणजे १२० आणि १२८ मध्ये डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. कॉर्ड बदलताना पेडल उचला आणि स्ट्रिंग्जचा रिलीज (की सोडल्यावर सूर विझायला लागणारा वेळ) कमी करा, एवढं पुरतं.

जमिनीची_तार
घरघर: आधी लॅपटॉपची यूएसबी केबल उपटून बघा. थांबली तर ग्राउंड लूप आहे (दोन वाटांनी जोडलेल्या अर्थिंगमुळे येणारा आवाज), तिथे यूएसबी आयसोलेटर लावा किंवा आउटपुटला डीआय बॉक्स (सिंथ आणि मिक्सरमधला सिग्नल बदलणारा डबा) लावून ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. सिंथचे आउटपुट अनबॅलन्स्ड (लांब केबलमध्ये आवाजाची घाण लवकर पकडणारे) असतात, त्यामुळे केबल ५-६ मीटरच्या पुढे गेली की डीआय हवाच.

मिक्सरवर एकच चॅनल मिळाला तर केबल ‘एल/मोनो’मध्येच घाला. फक्त ‘आर’मध्ये घातली तर अर्धाच पियानो ऐकू येतो. रुंद स्टिरिओ पियानो मोनोत पातळ आणि पोकळ होतो, तिथे मोनो पियानोचा पॅच निवडा. बासवाला असेल तर १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका.

आणि अडॅप्टर! यामाहाच्या अडॅप्टरला सहसा मधली पिन पॉझिटिव्ह असते, रोलँडच्या निगेटिव्ह. जॅक बसला म्हणजे चालेल असं समजू नका.

कोमल_धैवत
सेकंडहँड घेताना काय तपासू?

रबर_पट्टी
प्रत्येक की आधी हळू, मग जोरात. कीखाली दोन संपर्क असतात आणि ते एकामागून एक जुळायला किती वेळ लागला त्यावरून जोर मोजला जातो. मध्ये धूळ गेली की हळू दाबलेली की एकदम किंचाळते, किंवा गप्प बसते. एक-दोन कीज तशा असतील तर घाबरू नका: आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने रबराच्या आतला काळा कार्बन आणि बोर्डावरचे पट्टे हलकेच पुसले की बहुतेक वेळा काम होतं. खरवडू नका, कार्बनचा थर निघून जातो. लागोपाठ आठ-दहा कीज मुक्या असतील तर दोष बहुधा बोर्डाचा किंवा रिबन केबलचा, तो सौदा सोडा.

पिच बेंड (सूर वर-खाली वाकवणारं चाक किंवा दांडा) सोडल्यावर सूर बरोबर जागी येतो का ते ट्यूनर लावून बघा. आउटपुटमध्ये जॅक हलवा, खरखर नको. सस्टेन पेडल उलटं चालत असेल (सोडलं की सूर लांबतो) तर ते खराब नाही, पोलॅरिटी उलटी आहे. पेडलखाली स्विच असतो, नसेल तर सेटिंगमध्ये बदला. काही सिंथ चालू होतानाच पोलॅरिटी ओळखतात, म्हणून पॉवर देताना पाय पेडलवर नको.

पॅचबे
तिघांपैकी एक विचाराल तर स्टेजसाठी जुनो-डीएस. नॉब आणि स्लायडर दोन्ही हाताशी आहेत, शिवाय ८ एए सेलवरही चालतो. क्रॉस २ ला ६ सेल पुरतात आणि तो सगळ्यात हलका, पण मेनूत फार शिरावं लागतं. एमएक्सचे पियानो सुरेख, मात्र अडॅप्टरशिवाय तो चालत नाही. आफ्टरटच (दाबून धरलेल्या कीवर आणखी जोर देऊन आवाज बदलणं) तिघांनाही नाही.

कोणताही घेतलात तरी परफॉर्मन्सना गाण्यांच्या क्रमाने नंबर द्या, प्रत्येकाचा आवाज पॅचमध्येच सारखा करून सेव्ह करा, मास्टर नॉब एका जागी टेप लावून सोडा. पट्टी बदलायला ट्रान्सपोज वापरत असाल तर तो गाण्यासोबत सेव्ह होतो की सगळ्यांनाच लागू राहतो, हे रिहर्सलमध्येच बघून घ्या.