केम्निट्झला मास्टर्ससाठी निघतेय, खोली अजून मिळालेली नाही. मदत हवी आहे

नमस्कार. मी इचलकरंजीची. जर्मनीत केम्निट्झच्या तांत्रिक विद्यापीठात मटेरियल सायन्सच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून. एपीएस, म्हणजे आपल्या पदव्यांची जर्मनीसाठीची पडताळणी, झालं, व्हिसा आला, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो भरले. राहिली फक्त खोली, आणि तिच्यावरच सगळं अडलंय.

विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी अर्ज केला होता. रायशनहायनर स्ट्रासे आणि फेटर्स स्ट्रासे, दोन्हीकडे पसंती दिली. अजून प्रतीक्षा यादीतच आहे. ऑगस्ट संपत आला. खाजगी खोल्यांच्या जाहिरातींना मी आत्तापर्यंत साठेक मेसेज केले असतील. उत्तरं आली सात. त्यातल्या पाच जणांनी "इथे आल्यावर बघायला या" म्हणून सांगितलं. एकाची खोली आधीच दुसऱ्याला गेली होती. सातव्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तसं होऊ नये.

त्या माणसाने फार गोड भाषेत लिहिलं होतं. फ्लॅट त्याचा, पण तो नोकरीसाठी दुसऱ्या देशात. भाडं २८० युरो, त्यात हीटिंग आणि इंटरनेटसुद्धा. फोटोत पांढरा ओटा, खिडकीत कुंडी. करारनामा पाठवला, स्वतःच्या पासपोर्टचा फोटोही पाठवला. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून ८४० युरो आधी भरा, चावी कुरियरने येईल, असं ठरलं. मी आणि पप्पा पैसे पाठवायला बँकेत गेलो. फॉर्म भरून झाला होता. पप्पांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "चावी कुणाच्या हातून घेणार तू? त्या माणसाला कुणी बघितलंय का?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही तसेच परत आलो. घरी येऊन ते फोटो इंटरनेटवर शोधले, तर हाच ओटा आणि हीच कुंडी तिसऱ्याच शहरातल्या जाहिरातीत सापडली.

तेव्हापासून कुठल्याच जाहिरातीवर विश्वास बसत नाही. पप्पांचे आठ माग आहेत, खर्चीवर चालतात, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून द्यायचं. शैक्षणिक कर्जाला शेड तारण आहे. ८४० युरो म्हणजे आमच्या घरात केवढी रक्कम आहे हे मला पक्कं माहीत आहे, त्यामुळे एक चूकसुद्धा परवडणार नाही.

माझी अडचण अशी. खोलीशिवाय गेले तर मी तिथे राहते असं घरमालकाचं पत्र नाही. पत्र नाही तर रहिवासी नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, नाही. नोंदणी नाही तर बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, आणि खातं नाही तर ब्लॉक्ड अकाउंटमधले महिन्याचे ९९२ युरो कुठे येणार? म्हणजे पैसे माझेच, पण हातात नाहीत. आणि नवीन घर घ्यायचं तर डिपॉझिट रोख लागणार. या फेऱ्यात कुठून शिरायचं?

१. खोली नसताना सप्टेंबरमध्ये जावं, की खोली पक्की होईपर्यंत थांबावं?
२. गेले तर सुरुवातीला कुठे उतरावं, की जिथल्या पत्त्यावर नोंदणी होईल?
३. गृहनिर्माण कंपन्यांचे रिकामे फ्लॅट स्वस्त दिसतात. ते एकटीने घ्यावेत का?

एक गोष्ट प्रश्नाशी संबंधित नाही, पण सांगावीशी वाटते. केम्निट्झला एकेकाळी तिथल्या कापडधंद्यामुळे सॅक्सनी राज्याचं मँचेस्टर म्हणायचे, आमच्या गावाला महाराष्ट्राचं म्हणतात. विद्यापीठाचं मध्यवर्ती ग्रंथालय २०२० पासून एका जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत आहे. पप्पांना फोटो दाखवला. त्यांनी आधी खिडक्या मोजल्या. म्हणाले, "उजेडासाठी एवढ्या ठेवल्यात. तुटलेला धागा दिसायला पाहिजे ना." मला तिथे बसून अभ्यास करायचाय. म्हणून एवढं मोठं लिहिलं.

प्रतिसाद

ताई, मी तीन वर्षांपूर्वी नांदेडहून केम्निट्झलाच आलो. आधी तुमच्या पप्पांना नमस्कार सांगा, त्यांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला. खोली न बघता आणि चावी हातात न येता एक सेंटही पाठवायचा नाही. दुसऱ्या देशात असलेला मालक आणि कुरियरने येणारी चावी, हे दोन्ही एकत्र आलं की तिथेच थांबायचं.

थांबू नका, या. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पोचा. उन्हाळी सत्र ३० सप्टेंबरला संपतं, बरेच जण तेव्हाच खोल्या सोडतात. वसतिगृहाची यादीसुद्धा त्याच दिवसांत हलते. यादीत नाव आहे म्हणून गप्प बसू नका, दर आठवड्याला नम्र ईमेल टाका आणि पोचल्यावर स्वतः कार्यालयात जाऊन उभ्या राहा. मला खोली तशीच मिळाली, कुणीतरी शेवटच्या क्षणी रद्द केलेली.

तोवर 'त्स्विशनमीटे' शोधा. एखादा विद्यार्थी दोन-तीन महिने इंटर्नशिपला बाहेरगावी जातो आणि तेवढ्यापुरती खोली देतो. पहिल्याच मेसेजमध्ये विचारा, "आनमेल्डुंग म्योग्लिश?" म्हणजे या पत्त्यावर नोंदणी होईल का. हो म्हणाला तर घरमालकाची परवानगी आहे का तेही विचारा. खोली बघायला तुम्ही पोचला नसाल तर तिथल्या कुणाला तरी पाठवा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राकडून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार विद्यार्थी मिळतो. त्यासाठी आजच लिहा. हॉटेल किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंदणीची आशा धरू नका, पहिल्या काही रात्रींपुरतंच ते.

नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, जर्मनीत उतरल्यापासून नाही. आधी घर, मग ते घड्याळ सुरू. हे कळलं की निम्मी भीती जाते. नोंदणी कार्यालयाची अपॉइंटमेंट मात्र लवकर मिळत नाही, म्हणून ती आधीच घेऊन ठेवा.

पहिल्या महिन्याचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटवर सोडू नका. हजार-बाराशे युरो फॉरेक्स कार्डावर वेगळे आणा. घर कायमचं मिळालं तरी कायद्याने डिपॉझिट मूळ भाड्याच्या, म्हणजे हीटिंग आणि इतर वरखर्च वगळून जे असतं त्याच्या, तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि एकदम भरून हात रिकामे करतात.

प्रतिसाद

अगं, तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. माझी मुलगी याच देशात शिकली, मी तिच्याकडे तीन महिने राहून आले. ते रिकामे फ्लॅट खरंच रिकामे असतात. तिने हौसेने एक घेतला. दार उघडलं तर स्वयंपाकघरात फक्त नळाचे पाइप आणि भिंतीवर फरशी. ओटा नाही, शेगडी नाही, सिंक नाही. छताला दिव्याच्या जागी दोन तारा लोंबत होत्या. पहिले आठ दिवस पोरीने मोबाइलच्या उजेडात ब्रेड खाल्ला. वर सोडायचं म्हटलं तर तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं. तेव्हा पहिल्या वर्षी सामायिक घरातली सामानासकटची खोलीच बघ. जाहिरातीत स्वयंपाकघर आहे असं स्पष्ट लिहिलंय ना, ते वाच.

आणि घर मिळालं की त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं नाव चिकटव. कागदावर लिहून टेपने लावलं तरी चालतं. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, सगळं टपालाने येतं. पेटीवर नाव नसलं की पोस्टमन परत नेतो. माझ्या मुलीचं बँकेचं कार्ड असंच दोनदा परत गेलं.

आईला सांग, तूप, पेढे, खव्याचं काही बांधू नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. कांदा-लसूण चटणी बिनधास्त ने. शक्यतो शनिवारी संध्याकाळी पोचू नको. रविवारी दुकानं बंद असतात आणि घरात मीठसुद्धा नसतं.

धागाकर्ती

दादा, काकू, तुमचे दोघांचे प्रतिसाद पप्पांना मोठ्याने वाचून दाखवले. हप्त्यांचं ऐकून त्यांनी वहीत लिहून घेतलं. नोंदणीचे दोन आठवडे विमानातून उतरल्यापासून मोजायचे, असंच मी इतके दिवस धरून चालले होते.

काल आंतरराष्ट्रीय केंद्राला लिहिलं, आज सकाळी उत्तर आलं. एक विद्यार्थिनी जोडीदार म्हणून मिळालीय. बेर्न्सडॉर्फ भागात दोन महिन्यांसाठी एक खोली आहे, नोंदणी होईल असं खोलीवालीने लेखी कळवलंय. माझी जोडीदार शुक्रवारी जाऊन बघणार, व्हिडिओ कॉलवर मीही असेन. चावी तिच्या हातात आली की मगच पहिलं भाडं पाठवणार. वसतिगृहालाही पुन्हा ईमेल केला.

तिकीट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातलं काढतेय, मंगळवारी पोचेन असं. फ्रँकफर्टला उतरून लाइपझिगमार्गे रेल्वेने केम्निट्झ. आईने तूप बाजूला काढलं, त्या जागी ज्वारीचं पीठ भरलंय. काकू, एवढं सांगाल का, तिकडच्या काचेच्या सपाट शेगडीवर आपला तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर चालतो का, की स्टीलचा नवा घेऊ? आई उद्या बाजारात जाणार आहे.